मोडशी, पटकी आणि मीठ-साखरेचे पाणी

गोव्यात १५६३ साली एक पोर्तुगीज पुस्तक छापून निघाले. लेखक गार्सिया द ओर्ता हा १५३४ साली गोव्यात उतरलेला वैद्य. हिंदुस्थानातली औषधे, मसाले आणि फळे यांची माहिती त्याने दोन माणसांच्या संवादातून सांगितली आहे. सतराव्या संवादात या गप्पा एकाएकी थांबतात. एका घरून निरोप येतो, दोन तासांपूर्वी धडधाकट असलेला माणूस अत्यवस्थ झालेला असतो आणि वैद्य उठून तिकडे जातो.

परत आल्यावर तो जे सांगतो, ते आजच्या कोणत्याही डॉक्टरला ओळखीचे वाटेल. नाडी हाताला जेमतेम लागते. अंग गार पडलेले, घामही गार. तरी रुग्ण आत आग होते म्हणतो आणि तहानेने तळमळतो. डोळे खोल गेलेले. उलट्या आणि जुलाब इतके, की शेवटी बाहेर टाकण्याचीही ताकद उरत नाही. पायांत गोळे येतात. ओर्ता लिहितो की हा आजार बहुधा चोवीस तासांत माणूस नेतो. काही जण दहा तासही काढत नाहीत. जोर जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसात. इथले लोक याला मोडशी म्हणतात, हीही नोंद त्याने केली आहे. खादाड माणसांना तो जास्त गाठतो असे त्याचे मत होते आणि काकड्या खाऊन दगावलेल्या एका तरुण पाद्र्याचे उदाहरण त्याने दिले आहे. काकडी बिचारी निर्दोष. पण पावसाळ्यात कच्ची, न धुतलेली किंवा घाण पाण्याने धुतलेली काकडी खाणे म्हणजे काय, हे आता कळते. अन्नातून आजार येतो ही खूण त्याला बरोबर पटली होती. त्या अन्नावर काय बसले होते, ते दिसायला आणखी तीन शतके जायची होती.

या पुस्तकाच्या वीस वर्षे आधी, १५४३ साली, गोव्यात या आजाराची मोठी साथ येऊन गेली होती. गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने तिचे वर्णन केले आहे. मेलेल्या माणसासाठी चर्चची घंटा वाजवण्याची रीत होती, पण घंटा इतक्या वाजू लागल्या की लोकांचा धीर सुटू नये म्हणून गव्हर्नरने त्या बंद करायला लावल्या. मृत्यूचे कारण समजावे म्हणून एका रुग्णाचे शव फाडूनही पाहिले. आत आवळून गेलेल्या पोटाखेरीज काही सापडले नाही.

आता उपचार. रुग्णाच्या टाचांना तापलेल्या लोखंडाने डाग द्यायचे, हा ओर्ताचाही उपाय होता आणि इथल्या वैद्यांचाही. वैद्य डोळ्यांत पिंपळी टाकत. गोळे येऊ नयेत म्हणून डोके, हात, पाय पट्ट्यांनी घट्ट आवळत. विडा चघळायला देत. आणि मिरे-जिरे घातलेली कांजी पाजत, म्हणजे तांदळाची पातळ पेज.

या यादीतल्या बाकी गोष्टींनी रुग्णाचे हालच वाढले असतील. कांजी मात्र खरे औषध होती. तेव्हा ते कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. पाजणाऱ्याने ती पथ्य म्हणून पाजली आणि लिहिणाऱ्याने ती डाग आणि पट्ट्यांच्या रांगेत बसवली. पुढे सायबाच्या वैद्यकाने तर ती यादीतूनच काढून टाकली.

मोडशी, वाखा, जरीमरी, पटकी, महामारी, कॉलरा अशी अनेक नावे लोकांनी वापरली. मोडशी हे नाव साध्या अपचनालाही चाले, त्यामुळे जुन्या कागदांतली प्रत्येक मोडशी कॉलरा नसते. पण १८१७ साली बंगालमध्ये जेसोरच्या बाजूला जी साथ उठली, तिच्याबद्दल शंका नाही. त्या वर्षाच्या अखेरीस तिने बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेला गाठले. ही फौज पेंढाऱ्यांवर आणि मराठ्यांवर निघालेली. छावणी हलली तशी साथही हलली. १८१८ च्या मे महिन्यात ती नागपुरात होती. जूनच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रज सेनानी माल्कमपुढे शरणागती पत्करली. जुलैत, आषाढीच्या सुमारास, साथ पंढरपुरात पोहोचली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत. पेशवाई बुडाल्याचे दुःख इतिहासात भरभरून लिहिले गेले. त्याच पावसाळ्यात दख्खनच्या गावागावांत पटकीने किती घरे रिकामी केली, त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिले गेले आहे, आणि ही उणीव मोठी आहे.

कंपनी सरकारच्या डॉक्टरांनी या साथीवर जे इलाज केले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क आणि शीर कापून रक्त काढणे. कॅलोमेलने जुलाब वाढतात. अफूने आतडे आणि श्वास दोन्ही मंदावतात. आणि रक्त? पटकीच्या रोग्याच्या अंगातले पाणी आधीच निघून गेलेले असते, उरलेले रक्त घट्ट आणि काळपट झालेले असते. शीर कापली तरी ते धड वाहत नसे, असे त्या डॉक्टरांनीच लिहून ठेवले आहे. रुग्ण पाणी मागे, पण थंड पाणी घातक अशी समजूत असल्याने कित्येक ठिकाणी ते दिले जात नसे. हे डॉक्टर निर्दय नव्हते. बरेच जण रात्र रात्र रुग्णांजवळ बसले, काही स्वतः त्याच रोगाने गेले. त्यांचे शास्त्र चुकीचे होते आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

पटकी शरीरात नेमके काय करते? जंतू अन्नातून किंवा पाण्यातून पोटात जातात. लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि एक विष सोडतात. ते विष आतड्याला इजा करत नाही, चावून फाडत नाही. अस्तरातल्या पेशींना फक्त पाणी आणि क्षार बाहेर सोडत राहायला लावते. मोठ्या माणसाला तासाला लिटरभर जुलाब होऊ शकतात, रंगाने तांदळाच्या धुवणासारखे. त्यात रक्त नसते, सहसा तापही नसतो. रक्तदाब कोसळतो, लघवी थांबते, बोटांची कातडी सुरकुतते, आवाज बसतो. माणूस शेवटपर्यंत शुद्धीत असू शकतो, आणि तहानेने मरतो.

गावाकडे या रोगाची देवता होती मरीआई. साथ आली की गावकरी छोटा लाकडी गाडा करत, त्यात देवीची मूर्ती, हिरवी चोळी-बांगड्या, लिंबे, नैवेद्य ठेवत आणि वाजतगाजत गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून त्याच्या पुढच्या गावाला लावायचा. पोतराज अंगावर कोरडे ओढत देवीला शांत करी. मुंबईतही जरीमरीची देवळे आजही उभी आहेत. या रीतीकडे अडाणीपणा म्हणून पाहणे सोपे आहे. पण हा रोग गावाहून गावाला चालत जातो, वाटेने जातो, हे निरीक्षण त्यात आहे, आणि तेही लंडन-पॅरिसचे वैद्यक दूषित हवेच्या कल्पनेत गुंतले होते तेव्हाचे. घोटाळा एवढाच की गाड्यासोबत चालणारी माणसे, त्यांचे हात आणि त्यांनी वाटेत वापरलेल्या विहिरी यांच्याकडे कुणी पाहिले नाही.

सरकारने पाहिले ते यात्रांकडे. १८६५ साली हजयात्रेत पटकी उसळली आणि युरोपपर्यंत गेली. त्यानंतर १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातल्या यात्रांवर बोट ठेवले गेले. पंढरपूर त्यात येणारच होते. आषाढात चंद्रभागेला नवे गढूळ पाणी आलेले, वाळवंटात लाखोंचा मुक्काम, त्याच काठावर शौच, त्याच पाण्यात स्नान, तेच तीर्थ तोंडात. मठांत आणि धर्मशाळांत दाटी. उपासाचे फराळ आणि द्वादशीचे पारणे उघड्यावर रांधलेले, वर माश्या. त्यात १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरापर्यंत आली. पायी पंधरा दिवस लागायचे ते अंतर दोन दिवसांत कापले जाऊ लागले आणि पोटात जंतू घेऊन निघालेला माणूस लक्षणे दिसण्याआधीच घरी पोहोचू लागला.

यात्रेकरूंवर कर बसला, तपासण्या झाल्या, साथीच्या दिवसांत यात्रेला जाऊ नका असे हुकूम निघाले. वारकऱ्यांना हा धर्मावरचा घाला वाटला आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नव्हती. माणसाला अडवणे सरकारला स्वस्त पडत होते, शुद्ध पाणी देणे महाग. खरा उपयोग झाला तो विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा, पुढे ब्लीचिंग पावडरचा आणि नळाच्या पाण्याचा. वॉल्डेमार हाफकिनने १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचायला सुरुवात केली होती. तोच हाफकिन १८९६ मध्ये प्लेगसाठी मुंबईत आला आणि परळच्या संस्थेला पुढे त्याचे नाव मिळाले. विसाव्या शतकात वारीला निघालेल्या माणसाला पटकीची सुई टोचून घेणे भाग पडू लागले. जुन्या पिढीतल्या वारकऱ्यांना दंडावरची ती सूज आठवते. त्या लसीचे संरक्षण मात्र काही महिनेच टिके, आणि तेही अर्धवट.

रोगाचे कारण तोपर्यंत सापडले होते. जॉन स्नोने १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाशी साथ जोडून दाखवली. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनीने सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहिला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉख १८८४ मध्ये कलकत्त्यात बसून स्वल्पविरामासारख्या वाकड्या जंतूपर्यंत पोहोचला, आणि लोक ज्या तळ्याचे पाणी पीत त्या तळ्यातही त्याला तो सापडला. कारण कळले म्हणून रुग्ण वाचू लागला असे मात्र झाले नाही. उपचाराची वाट वेगळी होती.

तिची सुरुवात ब्रिटनमधली. विल्यम ओशॉनेसी या बाविशीतल्या डॉक्टरने १८३१ च्या अखेरीस पटकीच्या रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवले. ते वाचून लीथ गावच्या टॉमस लाटाने १८३२ मध्ये एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. बुडालेली नाडी परतली, ती बोलू लागली. लाटा थकून घरी गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पुन्हा पाणी सोडायला कुणी नव्हते, आणि काही तासांत ती गेली. जेवढे जाते तेवढे भरत राहिले पाहिजे, हा धडा त्या खाटेजवळच होता. लाटा पुढच्याच वर्षी वारला आणि त्याची पद्धत विस्मरणात गेली. ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला. हिंदुस्थानात त्याचे नाव झाले ते तारयंत्र उभारण्यासाठी.

कलकत्त्यातच लेनर्ड रॉजर्सने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरेतून तीव्र क्षारपाणी देऊन मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. त्याच शहरात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की जंतू गाळून टाकलेले नुसते द्रावणही आतड्यातून पाणी ओढते. म्हणजे कर्ता जंतूचे विष. या शोधाचे मोल देशाने डे यांच्या हयातीत ओळखले नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. आणि १९५३ मध्ये हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १८६ रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचे पाणी दिल्याचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला होता. मोजमापे अपुरी म्हणून तो बाजूला पडला.

साठच्या दशकात एक गोष्ट उलगडली. पटकीत आतडे पाणी सोडते, पण साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची त्याची वेगळी वाट शाबूत राहते. साखर आत जाताना मिठाला घेऊन जाते, आणि मिठामागे पाणी जाते. नुसते पाणी, नुसते मीठ किंवा नुसती साखर याने काम होत नाही; दोन्ही ठरावीक प्रमाणात हवीत. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी हे रुग्णांवर सिद्ध केले. पण ते इस्पितळातले काम होते, प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवून केलेले. सामान्य माणसाच्या हातात ते देता येईल, यावर तज्ज्ञांचा विश्वास नव्हता.

तो विश्वास बनगावने दिला. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात सुमारे एक कोटी लोक सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या सरकारी इस्पितळात पटकीसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि शिरेत सलाइन लावायचे तर जुलाब-उलट्यांनी भरलेल्या फरशीवर गुडघे टेकावे लागत. सलाइन संपत आले होते. ते लावू शकणारी माणसे त्याहून कमी होती.

महालनबीस यांनी मोठा धोका पत्करला. कलकत्त्यातल्या संशोधन केंद्रात लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मोजून पॉलिथिनच्या पिशव्यांत बंद केले. तिथल्या वाचनालयाच्या खोलीतच हे काम चाले. पिशव्या बनगावला जात, पिंपातल्या पाण्यात विरघळत, आणि रुग्णाची आई, भाऊ, शेजारी पेल्याने ते पाणी पाजत. सलाइन फक्त बेशुद्धीच्या काठावर असलेल्यांसाठी राखून ठेवले. लिटरमागचा खर्च अकरा पैसे. शरणार्थी छावण्यांत शंभरातले तीस मरत होते. बनगावात पाजण्याच्या या पद्धतीने ते प्रमाण साडेतीनच्या आसपास आले. आठ आठवड्यांत तीन हजारांहून अधिक रुग्णांवर हे झाले. तरीही हा अहवाल छापून यायला १९७३ उजाडले. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने साखर-मिठाच्या या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरात गेले आणि तीन महिन्यांनी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

बांगलादेशाने पुढचे पाऊल टाकले. ब्रॅक या संस्थेच्या बायका ऐंशीच्या दशकात एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि त्यांनी आयांना शिकवले: तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवून झाल्यावर त्या आयांकडून तेच करून घेत आणि चव पाहून प्रमाण तपासत. त्याच काळात ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचे पीठ शिजवून, मीठ घालून पाजून पाहिले. पटकीत ते साखरेच्या द्रावणाइतके, काही बाबतींत त्याहून चांगले ठरले, कारण तांदळाचा स्टार्च आतड्यात हळूहळू साखर सोडत राहतो. ओर्ताने गोव्यात पाहिलेल्या कांजीला प्रयोगशाळेने दिलेली ही पावती होती. तिला कमी होते ते मोजून घातलेले मीठ, आणि वाटीभर नव्हे तर लिटर-लिटर पाजण्याची हिंमत.

महाराष्ट्रात आरोग्य खात्याने मीठ-साखरेच्या पाण्याला जलसंजीवनी म्हटले आणि अंगणवाडी ताईंनी, आशांनी ते घरोघर नेले. तरी एक जुनी समजूत हटत नाही. पोराला जुलाब लागले की पाणी बंद, दूध बंद, जेवण बंद. १८१८ च्या गोऱ्या डॉक्टरांची तीच चूक आज शिकल्यासवरल्या घरांत होते.

अन्नातून होणारा प्रत्येक आजार पटकी नसतो, हेही सांगितले पाहिजे. लग्नातली मिठाई किंवा शिळा भात खाऊन काही तासांतच उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेले विष कारण असते. शौचातून रक्त पडणे, ताप आणि पोटात मुरडा हा वेगळा प्रकार, त्याला डॉक्टर लागतोच. पण शरीरातून जाणारे पाणी आणि क्षार भरून काढणे ही पहिली पायरी सगळ्यांत सारखीच.

औषधाच्या दुकानात जाताना एक खबरदारी घ्यावी. ओआरएसशी, म्हणजे याच जलसंजीवनीच्या इंग्रजी नावाशी, मिळत्याजुळत्या नावांनी गोड सरबते डब्यांतून विकली गेली. त्यांत साखर फार आणि मीठ फार थोडे, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात पेयांवर असे नाव वापरायला मनाई केली. पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा. पाकीट एक लिटरचे असेल तर पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे, अर्ध्यात नाही. तयार पाणी पुन्हा उकळू नये आणि चोवीस तासांनी टाकून द्यावे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटे थांबावे आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नये. लहान मुलांना डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस द्याव्यात. मूल सुस्त पडले, पिईना, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त दिसले, तर घरी थांबू नये. दवाखाना गाठावा, आणि तिथे पोहोचेपर्यंत वाटेतही पाणी पाजत राहावे.